लस पुढे ढकलण्याची चिठ्ठी दिली, आता नोटिशीची भाषा होतेय. परवाना कसा जपायचा?

जांबोटीरोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. इथे डॉक्टर, वकील, आरोग्य खात्यातली माणसं सगळीच आहेत, म्हणून मोकळेपणाने विचारते.

दीड वर्षाचं बाळ. डोळ्यांवर सूज, पोट फुगलेलं, लघवीतून प्रथिनं जाताहेत. बेळगावला पाठवलं, नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीचा आजार, निघाला. वजन दहा किलो, रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, सुरू झालं. नेमकी त्याच सुमारास गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसची पाळी आली. सिस्टर घरी गेल्या तेव्हा वडील माझ्याकडे आले आणि मी लेटरहेडवर लिहून दिलं:

"गोवर-रुबेला लस व पोलिओचे थेंब सध्या देऊ नयेत. बाळ जास्त मात्रेच्या स्टेरॉइडवर आहे. स्टेरॉइड बंद झाल्यावर चार आठवड्यांनी द्यावेत. डीपीटीचा बूस्टर ठरल्याप्रमाणे द्यावा."

वडिलांनी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून कुणीतरी खालच्या ओळी कापल्या आणि माझं नाव, रजिस्ट्रेशन नंबर आणि पहिली ओळ एवढाच तुकडा गावोगाव फिरवला. आता धडधाकट मुलांचे आईवडील येऊन "तसलीच चिठ्ठी आम्हालाही द्या" म्हणताहेत. त्यात एका अधिकाऱ्यांचा फोन आला: तुम्ही लसीकरणाच्या आड येताय, हे मेडिकल कौन्सिलपर्यंत जाईल.

मी लसीच्या बाजूचीच आहे. पण त्या बाळाला आत्ता ती लस देणं चूक होतं, आणि उद्या पुन्हा असं बाळ आलं तर मी पुन्हा तेच लिहीन. ते कसं लिहावं, कुठे नोंदवावं आणि नोटीस आलीच तर काय करावं, ते सांगा.

शहापूरचे_डॉक्टरकाका

डॉक्टर, आधी मनातली शंका काढून टाका. रोज किलोमागे २ मिलिग्रॅम किंवा एकूण २० मिलिग्रॅम आणि त्यावर प्रेडनिसोलोन, चौदा दिवस किंवा अधिक चाललं असेल तर जिवंत विषाणूची लस (गोवर-रुबेला, पोलिओचे थेंब) देत नाहीत. थांबल्यावर महिनाभर जाऊ देतात. हे पुस्तकात आहे, बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात आहे. तुम्ही सरकारी वेळापत्रकाच्या विरोधात गेला नाहीत. वेळापत्रक गावातल्या सगळ्या मुलांसाठी असतं आणि तुमच्यासमोर एक मूल होतं.

वेळापत्रकापासून बाजूला जावं लागतं असे प्रसंग थोडेच, पण खरे असतात. कावासाकी या आजारात इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांच्या औषधाचा) मोठा डोस मिळालेलं मूल, त्याची गोवरची लस ११ महिने थांबते. आधीच्या डोसनंतर जिवावर बेतणारी अॅलर्जी, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेलं मूल. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर सात दिवसांत मेंदूला सूज आलेलं मूल. एवढ्यांसाठी थांबणारा डॉक्टर शास्त्राला धरून चालतो.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या यादीची. सर्दी, किरकोळ ताप, जुलाब, दात येणं, अंडं न सोसणं, दिवस पुरे व्हायच्या आधी जन्म, घरात लग्न. या कारणांनी आपल्याकडे लस रोज पुढे जाते, कुणी कागदावर लिहीत नाही आणि कुणी जाबही विचारत नाही. सर्दीपायी दोनदा परत पाठवलेलं मूल तिसऱ्यांदा येतच नाही. उद्या त्याला गोवर होऊन न्यूमोनिया झाला, तर त्या डॉक्टरकडे दाखवायला काय आहे?

आता नोंद. केसपेपरवर वजन, औषधाची मात्रा, सुरू केल्याची तारीख. कोणती लस थांबवली, कोणती थांबवली नाही, हे नावानिशी. पुन्हा कधी, आणि तोवर बाळाला गोवराच्या रुग्णाचा संसर्ग आला तर काय करायचं (सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं, घरच्यांना हे माहीत पाहिजे). मी शेवटी एक ओळ घालतो: "वडिलांना मराठीत समजावले, त्यांनी परत सांगून दाखवले." खाली त्यांची सही. ही ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि समोर बसवून परत सांगायला लावलं की त्यांना काय कळलं नाही तेही तिथेच कळतं.

चिठ्ठीत एक बदल करा. कारण आणि सूचना एकाच वाक्यात घ्या, कारण आधी. "नेफ्रोटिक" हा शब्द चिठ्ठीवर नको असेल तर "चालू औषधामुळे" पुरे. मग कापून फिरवायला सुटी ओळ उरत नाही.

नंदगड_सिस्टर

मॅडम, मी फील्डवर काम करते म्हणून सांगते, राग मानू नका. तुमची चिठ्ठी आमच्या हातात येतच नाही बघा. ती वडिलांच्या खिशात ऱ्हाते नाहीतर मोबाईलात. आमच्या ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायच्या पोरांच्या यादीत, ते बाळ "चुकलेलं" म्हणून दिसतं. आशाताई परत जाते, परत नाही म्हणतात, मग वरचे साहेब विचारतात की हे घर नकार देणारं आहे काय. तुम्ही तायी कार्डावर (आई-बाळाच्या सरकारी कार्डावर), गोवर-रुबेलाच्या रकान्यातच, पेनानं लिहा: "औषधामुळे थांबवले, अमुक तारखेनंतर पाहणे", सही, शिक्का. कार्ड आई जपून ठेवते, पिशवीत घालून आणते. ते बघितलं की आमी कारण भरतो आणि पुढच्या फेरीला नाव परत घेतो.

आणि आमाला एक फोन केलात तर लई बरं होतंय. डॉक्टर एक बोलतात, सिस्टर एक बोलते असं दिसलं की बाया दोघींचंही ऐकत नाहीत.

वकील_टिळकवाडी

फोनवर काय बोलणं झालं ते बाजूला ठेवू. कोणाच्या हातात काय आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे अर्धी भीती जाईल.

तुमचं नाव वैद्यकीय नोंदवहीतून तात्पुरतं किंवा कायमचं काढण्याचा अधिकार राज्याच्या मेडिकल कौन्सिलला, तुमच्या बाबतीत बेंगळूरच्या कर्नाटक मेडिकल कौन्सिलला. तालुका किंवा जिल्हा आरोग्याधिकारी तक्रार करू शकतात, परवाना काढून घेऊ शकत नाहीत. दवाखान्याची खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची नोंदणी हा वेगळा विषय, ती जिल्हा पातळीवर असते. या दोन गोष्टी फोनवर बोलताना नेहमी एकत्र केल्या जातात.

तक्रार झाली तर कौन्सिलला तुम्हाला बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. स्वतः किंवा वकिलामार्फत. निर्णय सहा महिन्यांत व्हावा असं नियमात आहे. तो विरोधात गेला तर दिल्लीला राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती आणि नोंदणी मंडळाकडे अपील, मुदत ६० दिवस, आणि त्यावर आयोगाकडे दुसरं अपील. नोटीस कन्नडमध्ये आली तर गडबडून जाऊ नका. नीट समजून घ्या, उत्तर इंग्रजीत द्या, मुदतीच्या आत द्या. मुदत गेली की चांगलं प्रकरणही बिघडतं.

नियम कोणते? २०२३ च्या २ ऑगस्टला आयोगाने नवे आचारनियम काढले आणि २३ ऑगस्टला तेच स्थगित केले. त्यामुळे २००२ चेच लागू आहेत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या.

दिलेल्या प्रत्येक वैद्यकीय दाखल्याची नोंदवही आणि प्रत ठेवणं बंधनकारक आहे, रुग्णाच्या ओळखखुणेसह. तुमच्याकडे मूळ चिठ्ठीची प्रत असेल तर कापलेला फोटो तिथेच निकालात निघतो. दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवावे लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. बाह्यरुग्ण असला तरी लहान मुलाचे कागद त्याहून जास्त ठेवा, असा माझा आग्रह आहे. दुसरी, खोटा किंवा दिशाभूल करणारा दाखला हे गैरवर्तन आहे. धडधाकट मुलांसाठी "तसलीच चिठ्ठी" मागणाऱ्यांना दिलीत तर परवाना तिथे जाईल. तिसरी, रुग्णाची गोपनीयता. फिरणाऱ्या फोटोखाली "अहो, त्या बाळाला किडनीचा आजार आहे" असं तुम्ही लिहिलंत, तर आज नसलेली तक्रार उद्या उभी राहील. कितीही राग आला तरी ग्रुपवर उत्तर देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की वैद्यकशास्त्राला मान्य असलेल्या मार्गांपैकी एक डॉक्टरने निवडला, म्हणून तो निष्काळजी ठरत नाही. यातला "मान्य" हा शब्द महत्त्वाचा. तो दाखवायला त्या दिवशीच्या केसपेपरइतका भक्कम कागद दुसरा नाही. नंतर मागच्या तारखेने काही घालू नका; राहिलं असेल तर आजची तारीख टाकून वेगळी पुरवणी नोंद करा.

निपाणीकर७२

सगळं वाचलं. मी साधा एमबीबीएस, निपाणीत प्रॅक्टिस करतो. जरा वेगळं बोलतो.

२०२२ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस घेतल्यावर बाळं दगावली. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या डोळ्यांत जी भीती होती ती कुठल्या परिपत्रकानं जाणार? आणि अधिकृत म्हणजे तरी काय? २०२१ मध्ये कोविशिल्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मग सहा ते आठ, मे महिन्यात बारा ते सोळा. गरोदर बाईला आधी नको, २ जुलैपासून चालेल. १ जुलैला तिला "घे" म्हणणारा डॉक्टर चूक आणि ३ जुलैला बरोबर? आपल्या बुद्धीला काही किंमत आहे की नाही? बाप हात जोडून म्हणतो, चार महिने थांबू द्या. त्याला काय सांगू?

शहापूरचे_डॉक्टरकाका

निपाणीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही.

रामदुर्गच्या वेळी बातम्यांतून जे पुढे आलं ते लस साठवण्यातल्या आणि हाताळण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल होतं. गोवर-रुबेलाची कुपी एकदा पाण्यात कालवली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. तिच्यात जंतू मारणारं औषध नसतं, त्यामुळे जंतू शिरले तर वाढतात. म्हणून भ्यालेल्या आईला मी फ्रिज दाखवतो, कुपीवरची खूण दाखवतो, कालवल्याची वेळ तिच्यासमोर लिहितो. तिची भीती खरी आहे, तिला उत्तरही खरंच मिळालं पाहिजे. चार महिने थांबल्याने कुपी जास्त स्वच्छ होत नाही. मूल मात्र चार महिने उघडं राहतं. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत आणि मालेगावात गोवराच्या उद्रेकात काय झालं ते आपण पाहिलं.

मार्गदर्शन बदलतं हे बरोबर. त्या उद्रेकात केंद्राने नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही, सहा महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाचा डोस द्यायला काही भागांत परवानगी दिली. तो नेहमीच्या वेळापत्रकात नसतो. १ जुलैला गरोदर बाईशी बोलताना तिचं वय, मधुमेह, नर्सची नोकरी हे सगळं धरून धोका-फायदा समजावणारा आणि ते लिहून ठेवणारा डॉक्टर मला कधीच चूक वाटला नसता. मत असावं. पण ते समोरच्या रुग्णाच्या अंगावरून निघालेलं असावं. "मला लसच पटत नाही" हे त्या मुलाचं निदान होत नाही, ते आपलं मत झालं आणि त्यासाठी आपला शिक्का वापरायचा आपल्याला हक्क नाही.

बापाला काय सांगायचं? नकार देणं हा त्याचा निर्णय. तुम्ही समजावलं, तो नाही म्हणाला, तर तसंच लिहा: "समजावूनही पालकांचा नकार", सही घ्या, पुढच्या भेटीला परत विचारा. वैद्यकीय कारण नसताना वैद्यकीय कारण लिहू नका.

आणि एक गोष्ट मला कळवळून सांगावीशी वाटते. जांबोटीरोड यांच्या त्या बाळाला आज लस देता येत नाही. त्याची ढाल म्हणजे आजूबाजूची मुलं. गोवर अडवायला शंभरातली पंचाण्णव मुलं लस घेतलेली लागतात. त्याच्याच चिठ्ठीचा तुकडा दाखवून शेजारी लस नाकारत असतील, तर घाव त्या बाळावरच पडतोय. त्याच्या वडिलांना हे सांगा, त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही.

वकील_टिळकवाडी

निपाणीकर, कायद्याचं थोडं जोडतो. २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. प्रकरण कोविडचं होतं, आणि त्याच निकालात सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही असंही म्हटलंय. पुष्कळजण पहिलं वाक्य सांगतात, दुसरं सोडतात. लसीनंतरचे त्रास लोकांना आणि खासगी डॉक्टरांना सोप्या रीतीने नोंदवता यावेत, हेही न्यायालयाने सांगितलं. तेव्हा लसीनंतर काही गंभीर घडलं तर लपवू नका, चोवीस तासांत जिल्ह्याच्या आरसीएचओ (माता-बाल आरोग्य अधिकारी) कार्यालयाला कळवा. कळवणारा डॉक्टर लसीच्या विरोधातला ठरत नाही.

चंदगडची_आई

आमच्यासारख्यांचंही ऐका. घर चंदगड तालुक्यात, डॉक्टर बेळगावचे, सरकारी कार्ड महाराष्ट्राचं. २०१७ च्या फेब्रुवारीत बेळगावात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, आमच्याकडे ती २०१८ च्या नोव्हेंबरात आली. तेव्हा माझी मोठी मुलगी लहान होती, इकडच्या बहिणीची पोरं घेऊन झालेली आणि आमच्याकडे अजून विचारणाच नाही. आता धाकट्याला बेळगावात नवव्या महिन्यात एमएमआर दिली, आणि आमच्या उपकेंद्रात विचारतात एमआर (गोवर-रुबेला) कुठे आहे. डॉक्टर चुकले काय?

शहापूरचे_डॉक्टरकाका

नाही ताई. एमएमआरमध्ये गोवर आणि रुबेला दोन्ही येतात, वर गालगुंडाची जादा. भारतीय बालरोग संघटनेचं वेळापत्रक नऊ महिन्यांना एमएमआर सांगतं, सरकारचं एमआर. दोन्ही मान्य आहेत. डॉक्टरांकडून कार्डावर लसीचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि उपकेंद्रात दाखवा. सीमेपलीकडच्या मुलांसाठी आम्ही डॉक्टरांनी हे न मागता करायला हवं.

बेळगावकर_डॅलस

मी मूळची अनगोळची, इथे अमेरिकेत बालरोग विभागात काम करते. इकडचं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट सीअर्स यांनी दोन वर्षांच्या मुलाला पुढच्या सगळ्याच लसींतून सूट देणारं पत्र दिलं होतं. २०१८ मध्ये तिथल्या मेडिकल बोर्डाने त्यांना ३५ महिने देखरेखीखाली ठेवलं. आरोपाचा गाभा असा की मुलाचा आधीचा इतिहास, जुने कागद न मिळवता, आईच्या सांगण्यावर पत्र दिलं. "सगळ्या लसी" आणि "कायमची" हे दोन शब्द ज्या पत्रात असतात ते कुठल्याही देशात टिकवणं अवघड.

नंतर इथे वारं उलटं फिरलं. मे २०२५ मध्ये सरकारने निरोगी मुलांसाठीची कोविड लसीची शिफारस काढून टाकली, जूनमध्ये लसींविषयीच्या सल्लागार समितीच्या सतराही सदस्यांना घालवलं, आणि ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सरकारपेक्षा वेगळं वेळापत्रक काढून ६ ते २३ महिन्यांच्या सगळ्या मुलांना कोविडची लस द्या म्हटलं. म्हणजे तेव्हा लस देणारी माणसंच अधिकृत सल्ल्यापासून बाजूला पडली. आम्हीही तेच करतो: कुठल्या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे, कुठल्या मुलाला, का, ते चार्टवर लिहितो.

जांबोटीरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाळाचे वडील आले होते. काकांनी सांगितलेलं त्यांना सांगितलं, शेजारच्या पोरांनी लस घेणं म्हणजे तुमच्या बाळाचं रक्षण. ऐकून ते गप्प झाले, आणि मग स्वतःहून म्हणाले, अख्खी चिठ्ठी मीच ग्रुपवर टाकतो. मी टाकू शकत नाही, ते टाकू शकतात, बरोबर ना? नवी चिठ्ठी अशी:

"चालू औषधामुळे या बाळाला, आणि फक्त याच बाळाला, गोवर-रुबेला लस व पोलिओचे थेंब औषध थांबल्यावर चार आठवड्यांनी द्यावेत, डीपीटी बूस्टर व पोलिओचे इंजेक्शन आता द्यावे."

आजार उलटण्याचा संभव असतो, त्यामुळे तारीख सरकू शकते. तसं केसपेपरवर लिहिलंय आणि पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात गोवर-रुबेला मिळते हेही त्यांना सांगितलंय. तायी कार्डावर नोंद केली. प्रत दाखल्यांच्या वहीत लावली. त्या अधिकाऱ्यांना पत्र पाठवू का?

वकील_टिळकवाडी

हो, वडील टाकू शकतात, माहिती त्यांच्या मुलाची आहे. अधिकाऱ्यांना अवश्य पाठवा, वडिलांची लेखी संमती घेऊन, चिठ्ठीची प्रत जोडून. फोनची तारीख लिहा, पण फोनवर काय बोलले त्यावर वाद घालू नका. "तुमच्या फोनच्या संदर्भात माहितीसाठी" एवढंच. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तुमचा व्यावसायिक विमा असेल तर विमा कंपनीलाही आत्ताच कळवून ठेवा. नोटीस आल्यावर कळवलं तर उशीर झाला म्हणतात.

नंदगड_सिस्टर

मॅडम, त्या घरात एकत्र कुटुंब असंल तर चुलत भावंडंही असतील की. त्यांचे डोस बघितलेत काय? दुसरा एमआर राहिलेलं पोरगं असलं तर या फेरीला घेऊन यायला सांगा. खरं त्या पोरानं थेंब घेतले तर आजारी बाळाला काय होत नाही नव्हं?

शहापूरचे_डॉक्टरकाका

सिस्टर, नेमकं विचारलंत. एमआर त्या पोराला जरूर द्या, तिच्यापासून घरातल्या बाळाला धोका नाही. थेंबांचं तसं नाही, त्यातला विषाणू शौचावाटे बाहेर पडतो आणि एकाच घरात हात-भांडी एकत्र असतात. बाळ स्टेरॉइडवर असेतोवर त्या घरातल्या पोरांना थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यावं. जांबोटीरोड, तेही कारण देऊन प्रत्येकाच्या कार्डावर वेगवेगळं लिहा, एका चिठ्ठीत सगळ्यांची नावं घालू नका.